वाचविलेले वर्ष

वर्षांविषयी बोलताना आपली भाषा पैशाची परिभाषा वापरते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मुलगा नापास झाला की त्याचे वर्ष बुडाले. ऐन परीक्षेत तापाने पडला की ते फुकट गेले. आणि एखाद्याने एक इयत्ता गाळून वरच्या इयत्तेत उडी घेतली की त्याने वर्ष वाचविले. पैसा बुडाला तर तो कोणाचा बुडाला हे सांगता येते, आणि वाचविला तर तो कोणत्या पेढीत ठेवला आहे हेही दाखविता येते. वर्षाच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न विचारण्याची पद्धत नाही. ते वाचविले हे खरे. पण ठेवले कोठे?

हा प्रश्न येथे उपस्थित करण्यास निमित्त आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या लगतच्या तीन गावांत आपल्या मुलाने वा मुलीने डॉक्टर व्हावे असे मनात धरून बसलेली घरे पुष्कळ आहेत. २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात अंबरनाथेस १०० जागांच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. ज्या विद्येसाठी एके काळी परळची किंवा भायखळ्याची वाट धरावी लागे ती आता आपल्याच गावात आली. अंतर कमी झाले, रांग मात्र कमी झाली नाही. या रांगेत उभ्या असलेल्या मुलांपुढे जो एक पेच हल्ली वारंवार पडतो, तो असा: महाविद्यालयातील पदवीचा अभ्यास नेमलेल्या मुदतीच्या आधीच उरकून घ्यावा आणि वैद्यकीच्या प्रवेशामागे लागावे, की पदवीचा काळ पुरता घालवून मग पुढचे दार ठोठवावे? वरवर पाहता हा सोयीगैरसोयीचा प्रश्न दिसतो. आमच्या मते तो नीतीचाही प्रश्न आहे, आणि तो तसा का आहे हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम वस्तुस्थिती. आपल्या देशात वैद्यकीय शिक्षणाचे दार पदवीच्या पूर्वीच उघडते. बारावी झालेला आणि प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पुरी करणारा विद्यार्थी ‘नीट’ या परीक्षेस बसू शकतो. वयाची वरची मर्यादा २०२२ साली उठली. तेव्हापासून कितीही वेळा आणि कितव्याही वर्षी नशीब अजमावून पाहण्यास मोकळीक आहे. २०२४ साली सुमारे २३ लाख विद्यार्थी या परीक्षेस बसले, आणि एम.बी.बी.एस.च्या जागा साऱ्या देशात मिळून एक लाखाहून थोड्या अधिक. ज्यांस जागा मिळाली नाही त्यांपैकी काही घरी बसून पुन्हा तयारी करतात, काही बी.एस्सी.च्या वर्गात नाव घालतात, आणि तो अभ्यास चालू ठेवून दर मे महिन्यात पुन्हा परीक्षेस बसतात. अशांसाठी २०२४ च्या अखेरीस विद्यापीठ अनुदान आयोगाने एक नवी वाट मोकळी केली. तीन वर्षांची पदवी सहा सत्रांऐवजी पाच सत्रांत पुरी करण्याची मुभा महाविद्यालयांनी निवडक विद्यार्थ्यांस द्यावी, अशी ती योजना आहे. ही सोय जेथे जेथे प्रत्यक्षात उतरेल तेथे तेथे वर सांगितलेला पेच अधिक टोकदार होईल.

अमेरिकेत क्रम उलटा आहे. तेथे आधी चार वर्षांची पदवी, मग वैद्यक. हाही क्रम तेथे अनादि नव्हे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १८९३ साली आपले वैद्यकीय विद्यालय उघडताना पदवीची अट घातली ती त्या काळी अपवादभूत होती. १९१० साली फ्लेक्सनरने त्या देशातील वैद्यकीय विद्यालयांचा जो प्रसिद्ध अहवाल लिहिला त्यात त्याने निदान दोन वर्षे तरी महाविद्यालयात काढलेली असावीत एवढाच आग्रह धरला होता. आपल्या मुंबई इलाख्यातही इंटर सायन्सची दोन वर्षे महाविद्यालयात घालविल्यावाचून वैद्यकीकडे वळता येत नसे. आज अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुले चार वर्षांची पदवी तीन वर्षांत आटोपतात तेव्हा त्यांच्यापुढचा हिशेब तरी उघड असतो. एका वर्षाची भली मोठी फी वाचते. तेथे वाचविलेले वर्ष कोठे गेले असे विचारले, तर निदान बँकेच्या पुस्तकात बोट ठेवून दाखविता येते. आपल्याकडे महाविद्यालयाची फी त्या मानाने थोडी, म्हणून तेही उत्तर उपयोगी पडत नाही, आणि प्रश्न उघडाच राहतो.

कल्याणच्या पुढे राहणाऱ्या माणसास वेळ वाचविण्याची कला शिकवावी लागत नाही. दादरहून निघालेल्या गाडीच्या कितव्या डब्यात चढले असता बदलापुरास उतरल्यावर जिना नेमका समोर येतो, हे येथील शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्या जिन्यावर वाचविलेली तीन मिनिटे पुलावर कोणी भेटला की बोलण्यात जातात, आणि त्यात काही वाईट नाही. मिनिटे अशीच वाचवावीत आणि अशीच खर्चावीत. वर्षाचे तसे नाही. कारण मिनिटे एकमेकांसारखी असतात. वर्षे एकमेकांसारखी नसतात.

आमचा मुख्य मुद्दा येथे आहे. वीस वर्षांच्या मुलाने एक वर्ष वाचविले म्हणजे त्याचे आयुष्य एका वर्षाने वाढत नाही. तो डॉक्टर एक वर्ष आधी होतो, आणि पुढचा सारा क्रम एका वर्षाने अलीकडे सरकतो. हात थरथरू लागेपर्यंत, नजर मंद होईपर्यंत तो रोगी तपासणार असे धरले, तर त्यास विद्यार्थिदशेचे एक वर्ष कमी आणि व्यवसायाचे एक वर्ष अधिक मिळाले, आणि ते अधिक वर्ष बेरजेत पडते शेवटी. म्हणजे विसाव्या वर्षाच्या मोबदल्यात त्याने पासष्टावे वर्ष विकत घेतले. हा सौदा वाईटच आहे असे आमचे म्हणणे नाही. पासष्टाव्या वर्षाचा वैद्य अनुभवाने मुरलेला असतो, आणि त्याच्या एका वर्षाने पुष्कळांचे कल्याण होऊ शकते. पण सौदा हा आहे, एवढे तरी घेणाऱ्यास ठाऊक असावे. बहुतेकांना वाटते की आपण काहीच न देता काही मिळविले.

देशात डॉक्टरांचा तुटवडा आहे, तेव्हा जितके लवकर व्हाल तितके बरे, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. तो सद्हेतूचा असला तरी फसवा आहे. महाविद्यालयातील जागा ठरलेल्या आहेत. यंदा ती जागा तुम्ही घेतली नाही, तर ती रिकामी राहत नाही; तुमच्या मागचा कोणी घेतो. दरसाल बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांची संख्या तुमच्या घाईने एकाने वाढत नाही आणि तुमच्या संथपणाने एकाने घटत नाही. समाजास तुमच्या घाईपासून मिळते ते पुन्हा तेच, शेवटचे एक वर्ष. तेव्हा समाजाचे नाव पुढे करून घाई करणाऱ्याने ते नाव बाजूस ठेवावे आणि दुसरे खरे कारण असेल तर ते सांगावे.

आणि दुसरे खरे कारण पुष्कळदा असते. वर आम्ही वाचविलेले वर्ष शेवटी जाऊन पडते असे म्हटले, ते एकट्या माणसाच्या हिशेबाने म्हटले. पण वीस वर्षांचा मनुष्य आपल्याकडे एकटा नसतो. अंबरनाथच्या पूर्वेस आनंदनगरची औद्योगिक वसाहत आहे. तेथील कारखान्यांत पाळीने काम करणारा बाप अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसणार असतो; धाकट्या भावंडाचे शिक्षण व्हावयाचे असते; घराचे हप्ते फिटावयाचे असतात. बापाचे उत्पन्न थांबणे आणि मुलाचे सुरू होणे यांच्या मध्ये जी फट राहते तिच्यात सबंध घर सापडते. मुलाने एक वर्ष वाचविले आणि ते वर्ष नेमके त्या फटीत जाऊन बसले, तर ते शेवटी पडले असे कोण म्हणेल? ते जेथे हवे होते तेथेच पडले. आपल्या परंपरेने माणूस तीन ऋणे घेऊनच जन्मास येतो असे मानले. देवऋण आणि ऋषिऋण यांची मुदत कोणी ठरविलेली नाही. परंतु पितृऋणाच्या व्यावहारिक भागास मुदत असते, आणि ती मुदत बापाच्या निवृत्तीच्या तारखेने ठरते. उल्हासनगरात तर ही गोष्ट अधिक उघड दिसते. १९४७ साली सिंधमधील घरेदारे सोडून जी माणसे कल्याणच्या छावणीत आली, ज्यांच्यासाठी १९४९ साली हे नगर वसविले गेले, त्यांच्या कुटुंबांत एका पिढीने आपली सारी उमेदीची वर्षे केवळ पुन्हा उभे राहण्यात घातली. तेथे आजा जर नातवास म्हणाला की बाबा, उशीर करू नकोस, तर त्याला आयुष्याचे काव्य कळत नाही असे समजण्याचा आगाऊपणा आम्ही करणार नाही.

तेव्हा वाचविलेल्या वर्षास जागा असते आणि धनी असतो. हे दोन्ही सांगता आले तर घाई क्षम्यच काय, कर्तव्यही ठरू शकते. सांगता आले नाही तर ती नुसती घाई.

अंबरनाथहून कल्याण हे तिसरे स्थानक. तेथील जोशी घराण्यातील यमुना, म्हणजे पुढे आनंदीबाई जोशी, यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहावे. १८६५ चा जन्म. नवव्या वर्षी विवाह. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी आपण अमेरिकेस का जातो याचे जाहीर भाषण केले, आणि एप्रिलात कलकत्त्याहून जहाज धरले. त्या वेळी त्यांच्यापाशी कसलीही पदवी नव्हती, वय अठरा, प्रकृती आधीच ढासळलेली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांस एम.डी. केले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यास त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या ज्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचा अधिकार त्यांच्याकडे यावयाचा होता तेथे त्यांना काम करताच आले नाही.

याच सुमारास कलकत्त्यास कादंबिनी गांगुली यांनी दुसरा क्रम धरला. त्या आधी बेथ्यून कॉलेजातून पदवीधर झाल्या, मग मेडिकल कॉलेजात गेल्या, १८८६ सालीच वैद्यकीची परवानगी मिळवून बाहेर पडल्या, आणि १९२३ पर्यंत जगल्या. या दोन चरित्रांची जोडी लावून ‘पाहा, घाई करणारी गेली आणि सावकाश जाणारी तगली’ असे तात्पर्य काढणारे लोक असतात. त्यांचा आम्हांस कंटाळा येतो. क्षयाने पदवी पाहिली नव्हती. शिवाय कादंबिनीबाईंचा क्रम हा त्यांच्या धीराचा नव्हे, दारे उघडण्याच्या वेळेचा परिणाम होता. आपणांस पाहावयाचे आहे ते निराळेच. आनंदीबाईंची घाई कोणाची होती? चरित्रे वाचताना मनात येते की ती गोपाळरावांची होती. बायकोने शिकलेच पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि त्या हट्टाची कठोरता, ही सर्वश्रुत आहेत. पण श्रीरामपूरच्या सभेत सतरा वर्षांची ती मुलगी उभी राहिली आणि हिंदुस्थानातील स्त्रियांस स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितले, त्या क्षणी ती घाई तिची झाली. तिने आपल्या वर्षांची जागा नेमून दाखविली: पुरुष-वैद्यासमोर येऊ न शकल्यामुळे ज्या बायका मरत होत्या त्यांच्या उशाशी. त्या जागी तिला पोहोचता आले नाही, हे दुर्दैव. पण जागा होती यात शंका नाही. आज ज्या घरांत बाप गोपाळरावांची भूमिका घेतो (आणि अशी घरे फार आहेत), तेथे मुलीला श्रीरामपूरच्या त्या सभेसारखा एक प्रसंग मिळतो की नाही, हा खरा प्रश्न आहे. शिकवणीच्या वर्गातील पुढचा बाक हा असा प्रसंग नव्हे.

आता सावकाश जाणाऱ्यांची बाजू. ती मांडणारे लोक बहुधा सुशिक्षित, सुखवस्तू आणि मृदुभाषी असतात, म्हणून तिची तपासणी थोडी कमी होते. ते म्हणतात की पदवीची वर्षे पुरी घेतली, चार निराळी पुस्तके वाचली, निराळ्या माणसांत मिसळले, तर पुढे डॉक्टर अधिक चांगला होतो. त्यांस एक उदाहरण आमच्याच गावातून देता येईल. अंबरनाथच्या शिवमंदिरात उत्तर द्वाराच्या तुळईवर एक शिलालेख आहे. तो प्रथम वाचून प्रसिद्ध करणारे गृहस्थ डॉ. भाऊ दाजी लाड हे होत. भाऊ दाजी एल्फिन्स्टन विद्यालयात शिकले आणि तेथेच शिकवू लागले. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली निघाले तेव्हा विशी ओलांडलेला हा शिक्षक पुन्हा विद्यार्थी होऊन त्याच्या पहिल्या तुकडीत बसला आणि १८५१ साली वैद्य होऊन बाहेर पडला. गरिबांस औषधे देणे, कुष्ठरोगावर उपचार शोधणे, शहराचा शेरीफ होणे आणि जुने ताम्रपट व शिलालेख लावणे ही सर्व कामे एका माणसाने केली. वैद्यकीपूर्वीची ती वर्षे नसती तर हा शिलालेख वाचणारा डॉक्टर आपणांस मिळाला असता काय?

उदाहरण सुंदर आहे. परंतु ते काही सिद्ध करीत नाही. भाऊ दाजी थांबले ते थांबावे असे ठरवून नव्हे; महाविद्यालयच नव्हते. आणि त्या काळात त्यांच्याबरोबर एल्फिन्स्टनमध्ये शिकून जे इतर पुष्कळ थांबले त्यांपैकी कितीजणांनी शिलालेख वाचले? जाता जाता एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. भाऊ दाजींनी या लेखातील शक ७८२ असा वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२, म्हणजे इसवी सनाचे १०६० वे वर्ष, असा लावून दाखविला आणि तेच वाचन मान्य झाले. एका अंकात २०० वर्षे! वर्ष वाचविण्याच्या गोष्टी करणाऱ्यांनी त्या तुळईखाली एकदा उभे राहावे. आणि हे भगवानलाल कोणत्याही महाविद्यालयात लवकर किंवा उशिरा पदवी घेतलेले नव्हते. लायडनच्या विद्यापीठाने त्यांस पुढे सन्मानाची पदवी दिली ती आपण होऊन.

‘चांगला डॉक्टर होण्यास उपयोगी’ म्हणून पदवीची वर्षे पुरी घ्या, या सल्ल्यास आमचा दुसराही एक आक्षेप आहे, आणि तो पहिल्याहून जबर आहे. हा सल्ला देणारा मनुष्य घाई करणाऱ्याचे मुख्य तत्त्व आधीच मान्य करून बसलेला असतो. विसाव्या वर्षाचे मूल्य ते पुढे कशाला उपयोगी पडेल यावर ठरते, हे ते तत्त्व. एक म्हणतो उपयोग नाही, गाळा. दुसरा म्हणतो उपयोग आहे, ठेवा. दोघांचेही लक्ष त्या वर्षाकडे नाही. ज्या मुलीने बी.एस्सी.च्या वर्षी वनस्पतिशास्त्राच्या सहलीस मलंगगडाच्या पायथ्याशी जाऊन एक दिवस नुसती पाने पाहिली, तिला त्याचा पुढे शवविच्छेदनाच्या टेबलाशी काही उपयोग होईल असे आम्हांस मुळीच वाटत नाही. तो दिवस तिचा होता, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल, आणि आमच्या मते तेवढे पुरेसे आहे.

यावर कोणी म्हणेल, अशी चैन कारखान्यातल्या मजुराच्या मुलीस परवडत नाही. बरोबर आहे, म्हणूनच वर पितृऋणाचा विचार केला. पण गरिबाच्या मुलास रिकामे वर्ष परवडत नाही हे एक विधान आहे, आणि त्याला त्याची गरज नाही हे दुसरे. पहिले दुःखाने म्हणावे लागते. त्याचे दुसऱ्यात रूपांतर करून निश्चिंत होण्याचा अधिकार कोणास नाही.

वैद्यकीकडे जाणाऱ्याच्या बाबतीत या रिकाम्या काळाचे आणखी एक प्रयोजन आम्हांस दिसते, आणि ते आम्ही उपयोगाच्या सदरात घालीत नाही. आपल्याकडे डॉक्टर होण्याची इच्छा मुलाच्या मनात बहुधा नववीदहावीत रुजविली जाते, आणि तिला पाणी घालणारे अनेक असतात: घर, शेजार, शिकवणीचे वर्ग, भिंतीवरचे यशस्वी विद्यार्थ्यांचे फोटो. ही इच्छा त्या मुलाची आहे की त्याच्या भोवतालची आहे, हे ओळखण्याची संधी त्यास कधी मिळत नाही, कारण तो एकटा कधी सापडतच नाही. महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षी, भोवतालच्या वर्गमित्रांपैकी कोणी शिक्षक होणार आहे, कोणी प्रयोगशाळेत नोकरी पाहतो आहे, कोणाचे काहीच ठरलेले नाही, अशा माणसांत बसूनही ती इच्छा टिकली, तर ती त्याची. मावळली, तर मावळू द्यावी. साडेचार वर्षांचा अभ्यास, एक वर्षाची आंतरवासिता, शासकीय महाविद्यालयातून शिकल्यास वर एक वर्षाची बंधपत्राची सेवा, आणि पुढे जन्मभर रात्री-अपरात्री उठणे, एवढे सारे दुसऱ्याच्या इच्छेवर रेटून नेणाऱ्या माणसाच्या हाती आपली नाडी देणे आम्हांस तरी आवडणार नाही. रोग्याचा यात जो संबंध येतो तो येथे. डॉक्टर एकवीस वर्षांचा असताना शिकू लागला की वीस वर्षांचा, याच्याशी रोग्यास कर्तव्य नाही.

आता हा सारा विचार एका उदाहरणावर घासून पाहू. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षास असलेली, बारावीनंतर दोनदा ‘नीट’ दिलेली एक मुलगी डोळ्यांसमोर आणावी. बाप आनंदनगरच्या एका कारखान्यात आहे. निवृत्तीस तीन वर्षे उरली आहेत. पाच सत्रांत पदवी पुरी करण्याची सोय तिला मिळाली असे धरू. म्हणजे डिसेंबरात ती मोकळी होईल आणि मे महिन्याच्या परीक्षेस तिला पाच महिने निर्वेध मिळतील. सहावे सत्र घेतले तर हेच पाच महिने प्रकल्प, प्रात्यक्षिके आणि विद्यापीठाची परीक्षा यांच्याशी वाटून घ्यावे लागतील. तिला वाटते की बापासाठी आपण घाई केली पाहिजे. हेतू निर्मळ आहे. पण हिशेब करू या. त्या मे महिन्यात यश आले तरी पुढे साडेपाच वर्षे, आणि बंधपत्राची सेवा धरून साडेसहा. आंतरवासितेत जे विद्यावेतन मिळते त्याने घर चालत नाही. बाप त्यापूर्वी कितीतरी आधी घरी बसलेला असेल. सहावे सत्र गाळले काय आणि न गाळले काय, ती ज्या फटीत वर्ष बसवू पाहते ती फट त्याने भरत नाही. बापाच्या निवृत्तीच्या आत घरात काही यावयाचे असेल तर ते त्या बी.एस्सी.च्या पदवीनेच, तिच्या जोरावर मिळणाऱ्या नोकरीनेच, येईल. निर्मळ हेतूही कधी कधी बेरीजवजाबाकीपुढे उभा राहत नाही, आणि अशा वेळी हेतूला दोष न देता बेरीज मान्य करावी हे बरे.

मग पाच महिन्यांचे काय? तो लाभ खोटा नाही. ज्या परीक्षेत एकेका गुणावर हजारांची ओळ बदलते तिच्यात पाच मोकळे महिने म्हणजे थोडे नव्हेत. तिला स्वतःलाच ही विद्या हवी असेल, बापाच्या नावावर नव्हे तर आपल्या नावावर हवी असेल, तर तिने सहावे सत्र सोडावे आणि ते कोणासाठी सोडले हे स्वतःशी सरळ शब्दांत सांगावे. आमचा आक्षेप तिच्या घाईस नाही; घाईच्या खाली बापाची सही करण्यास आहे. मात्र एक गोष्ट तिने विसरू नये. २३ लाख आणि एक लाख या आकड्यांचा अर्थ असा की बी.एस्सी.च्या वर्गात बसून ‘नीट’ची वाट पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांची गाडी येत नाही. ज्यास ते प्रतीक्षागृह समजून पाय न पसरता बसले होते तेच त्यांचे घर ठरते. आणि मग, ज्या घराच्या खिडक्या तीन वर्षांत एकदाही उघडल्या नाहीत त्यात राहावयाचे. अशी माणसे आम्ही पाहिली आहेत. ती पुढे चांगली शिक्षक होतात, कारखान्याच्या प्रयोगशाळेत चोख काम करतात, पण आपला विषय आपण कधी निवडलाच नाही ही रुखरुख त्यांच्या बोलण्यात चाळिशीनंतरही ऐकू येते. पाच सत्रांत पदवी घेणारी मुलगी या घरात आणखी घाईने शिरते आणि आणखी घाईने निघू पाहते. निघता आले तर ठीक.

या साऱ्यात एका माणसाचे मत अद्याप कोणी घेतलेले नाही, आणि तो म्हणजे बाप. आमच्याकडील घरांत मुले बापासाठी पुष्कळ करतात, पण बापास विचारून करीत नाहीत. आणि बापही मुलांसाठी पुष्कळ करतो, तोही न विचारता. रात्रपाळीहून सकाळी आलेला मनुष्य चहा घेत असताना त्यास हा प्रश्न विचारणे अवघड असते हे आम्ही जाणतो. तरी विचारावा. कदाचित तो म्हणेल, मला तीन वर्षांपुढे थांबता येणार नाही, तू नोकरी पाहा. कदाचित म्हणेल, माझे भविष्यनिर्वाहाचे पैसे आहेत, गावाकडे जमिनीचा तुकडा आहे, तू माझी काळजी कशाला करतेस? दोन्हींपैकी काहीही उत्तर आले तरी त्या वर्षाचा धनी कोण हे त्याच दिवशी, अर्ज भरण्याची मुदत संपण्यापूर्वी, त्या घरात ठरलेले असेल.